ढिगाऱ्यामागची टकटक

फार पूर्वी शिलावती नगरीवर अरिंजय राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व पाथरवटांच्या कुळात जन्मला होता आणि नगराबाहेरच्या डोंगरात लेणे कोरणाऱ्यांचा नायक झाला होता. त्याच्या हाताखाली धम्मिल नावाचा पाथरवट काम करी. अंगात हत्तीचे बळ, पण क्षणभर स्वस्थ बसणे त्याला ठाऊक नव्हते.

एके सकाळी डोंगराचा कडा धडधडत कोसळला आणि लेण्याचे तोंड बुजले. आत पाच जण अडकले. त्यांत दगडमाती वाहणारी धम्मिलची बायको वसुला होती, आणि बोधिसत्त्वाचा सख्खा धाकटा भाऊही होता.

धम्मिलने पहार उचलली. "चला, हात चालवा! थांबू नका!" तो ओरडला. चाळीस माणसे ढिगाऱ्यावर तुटून पडली. घणांचा ठणठणाट, आरोळ्या आणि धुळीचे लोट. सूर्य डोक्यावर आला. धम्मिलचे तळहात सोलून निघाले; कोणी पाणी पुढे केले तर तो भांडे बाजूला सारी. अखेर त्याच्या हातातली पहार घसरली, एक मोठी शिळा निसटली आणि सकाळपासून मोकळी केलेली वाट पुन्हा भरून गेली. शेजारचा माणूस थोडक्यात वाचला.

तेव्हा बोधिसत्त्व म्हणाला, "हत्यारे खाली ठेवा. सगळे बसा."

"बसा?" धम्मिल त्याच्या अंगावर धावून गेला. "दादा, माझी वसुला आत गुदमरते आहे, आणि तुम्ही बसायला सांगता?"

"माझा भाऊही आतच आहे, धम्मिल. तुझ्या हातून आत्ताच पहार घसरली. पुढची शिळा त्यांच्यावर पडली तर? शंभर श्वास होईपर्यंत बस. बोलू नकोस."

असे म्हणून तो स्वतः जमिनीवर बसला आणि त्याने डोळे मिटले. एकेक करून सारे बसले. धम्मिलही बसला, पण उठण्याच्या बेतानेच. छातीत नुसती धडधड होती. दहा श्वास झाले, वीस झाले. हळूहळू ती धडधड ओसरली. धूळ खाली बसली. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला झाडावरचा पक्षी ऐकू आला.

आणि मग... टक. टक-टक.

धम्मिल ताडकन उठला. आवाज समोरून येत नव्हता! तो डावीकडून, खालच्या उंबराच्या मुळांपासून येत होता. "दादा! तिकडे! ते तिकडे आहेत!"

"ऐकलं मी!" बोधिसत्त्वाचा आवाजही आनंदाने चढला. "आता उठा! जपून, पण चला!"

सारे उंबराकडे धावले. विसावलेल्या हातांनी भराभर दगड निघू लागले. तिथे कातळ पातळ होता. घटकाभरात भोक पडले आणि त्यातून धुळीने माखलेला एक हात बाहेर आला. त्या हातातल्या बांगड्या धम्मिलने ओळखल्या. पाचही जण जिवंत निघाले.

धापा टाकत वसुला म्हणाली, "सकाळपासून ठोकते आहे मी. तुम्हाला ऐकू कसं आलं नाही?"

धम्मिल तिचे हात धरून लहान मुलासारखा रडला.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, झोप टाकून आजाऱ्यांची सेवा करता करता काल चुकीचे औषध देऊ लागलेला हा भिक्षू कपिलक, हाच तेव्हाचा धम्मिल. त्याचा हात वेळीच धरणारी उपासिका हीच तेव्हाची वसुला. आणि पाथरवटांचा नायक मीच होतो." मन विसावले की प्रज्ञा जागी होते, ती अशी.