यमुताईंची नाडी

"पण ताई, बोटांना कळत नाही ते या पट्ट्याला कळणार?"

विश्वंभर हसत हसत विचारत होता. यमुताई वैद्यांकडे तो अठरा वर्षं शिकत होता. नाडी बघण्यात लांजा तालुक्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं त्याला मनोमन वाटे.

ताईंच्या उजव्या मनगटावर भाचीनं पाठवलेलं स्मार्ट घड्याळ होतं. तीन दिवसांत दुसऱ्यांदा ते थरथरलं होतं. काचेवर अक्षरं उमटली होती: हृदयाचे ठोके अनियमित. डॉक्टरांना भेटा.

"तू बघ बरं." ताईंनी डावा हात पुढे केला.

त्यानं तीन बोटं टेकवली, ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा रोजच्यासारखा शांत.

"उत्तम! चाळिशीतल्या बाईची नाडी. काढून ठेवा ते खेळणं."

ताई चपला घालून अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

"गाडी काढ. रत्नागिरीला जाऊ."

कार्डिओग्रामच्या कागदावर रेघा वेड्यावाकड्या उमटल्या होत्या.

"वेळेवर आलात आजी," डॉक्टर म्हणाले. "हृदयात गुठळी होऊन मेंदूकडे गेली असती, तर अर्धांगवायूच. आता गोळ्यांवर निभावेल."

विश्वंभरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताई मात्र माहेरी निघाल्यासारख्या खुशीत! येताना पालीला त्यांनी गाडी थांबवायला लावली, टपरीवर कांदाभजी मागवली.

"खा रे. जिवंत आहे मी अजून!"

त्यानं बशी ताईंकडे सरकवली.

"रोज सकाळी तुमची नाडी बघतो मी, ताई. मलाच कसं कळलं नाही?"

ताईंनी डावा हात त्याच्या पुढ्यात ठेवला. उजव्या तळव्यानं त्याचे डोळे झाकले. तळव्याला भज्यांचा वास येत होता.

"आता बघ."

एक ठोका. दुसरा. मग काहीच नाही... मग दोन एकदम, उशीर झाल्यासारखे धावत आलेले.

"सापडली!" तो ओरडलाच. "ताई, चुकतेय! खरंच चुकतेय नाडी!"

टपरीतली माणसं वळून बघू लागली. त्याला हसू आणि रडू एकदमच फुटलं. ताई तर खदखदून हसत सुटल्या.

"पण मग इतके दिवस...?"

ताईंनी बशीतलं शेवटचं भजं उचललं.

"त्या घड्याळाला मी कोण ते ठाऊक नव्हतं रे."