एकट्यापुढची वाटी

राजे होते, राजवाडे होते आणि दुखणीही होतीच, अशा फार फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी एकदा ऐकावी, मोठ्यांनी दोनदा.

एका राज्यात एक म्हातारी वैद्यीण होती. तिच्याकडे लांबून लांबून मुलं वैद्यकी शिकायला येत. त्यांतला एक शिष्य भलताच हुशार. नाडीवर बोट ठेवलं की रोग सांगे. तोराही तसाच होता म्हणा!

एकदा डोंगरमाथ्यावरच्या मेंढपाळांकडून सांगावा आला. सहा वर्षांची पोर तापानं फणफणली होती. वैद्यीण म्हणाली, "बाळा, तू पुढे हो. मी मागून हळूहळू चढते."

शिष्यानं रोग अचूक ओळखला. काढा उकळला आणि वाटी भरून पोरीपुढे ठेवली. तिच्या आईनं ती उचलून थेट बाहेर भिरकावली! त्यानं दुसरी भरली. तीही गेली. पोरीची शुद्ध हरपत चालली होती आणि आई तिला पोटाशी घट्ट धरून बसली होती.

"काय अडाणी माणसं! स्वतःच्या हातानं पोर घालवतील," शिष्यानं कपाळावर हात मारला.

तेवढ्यात वैद्यीण धापा टाकत पोचली. आईजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, "लेकी, त्या वाटीची एवढी भीती का गं वाटली?"

आईला रडूच फुटलं. "आजी, आमच्यात जितं माणूस कधी एकटं खात-पीत न्हाई. एकट्यापुढं वाटी ठेवायची ती मेलेल्याच्या नावानं. ह्यानं माझ्या जित्या लेकीपुढं ठेवली!"

शिष्याचं तोंड खर्रकन उतरलं.

"मोठं पातेलं चढव," वैद्यीण त्याला म्हणाली. "हा काढा धडधाकट माणसाला बाधत नाही."

आणि मग काय सांगू महाराजा! म्हातारे आले, बाया आल्या, मेंढरांमागचे गडी धावत आले. साठ माणसं त्या पोरीभोवती बसली. प्रत्येकानं तो कडूजहर काढा घोटभर घेतला. तोंडं वेडीवाकडी झाली, पण थुंकला कुणी नाही. शेवटी आई अर्धी वाटी प्यायली आणि उरलेली तिनं लेकीच्या ओठांना लावली. पोर निमूट प्यायली.

शिष्याच्या अंगावर सरसरून काटा आला. एका पोरीच्या तापासाठी अख्खी वस्ती कडू पिते, हे त्यानं कुठल्याच पोथीत वाचलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी दरदरून घाम फुटला, ताप उतरला आणि पोरीनं भाकरी मागितली.

शिष्य आईच्या पाया पडला. "माई, तुम्ही लेकीला वाचवत होतात आणि मी तुम्हाला अडाणी म्हणालो. चुकलो मी."

तेव्हापासून त्या वैद्यिणीनं नियमच केला. नव्या शिष्यानं आधी महिनाभर परक्या वस्तीत राहायचं, त्यांच्या पंक्तीला जेवायचं, आणि मगच नाडीला हात लावायचा.

तात्पर्य: औषध देण्याआधी रोग्याच्या घरची रीत विचारावी.