सुरमीचा दोरा

“तीन महिने झाले, उस्ताद. अजून यांचे पंख बांधलेलेच?”

शार्दूलने विचारलं तेव्हा हमीदचाचा जावयाच्या गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकत होते. त्यांचं स्वतःचं घर नदीपलीकडे होतं. रस्ता रुंद करताना ते पाडलं.

कबुतरबाजांची रीतच अशी. घर बदललं की पाखराचे पंख दोऱ्याने बांधायचे, रोज गच्चीवर बसवून आसपास दाखवायचं. ते इथलं झालं की सोडायचं. चाचा मात्र जुन्या पाखरांना सोडायचं नावच काढत नव्हते.

पाखरू हातात कसं धरावं हे शार्दूल लहानपणी चाचांकडेच शिकला होता. पुढे परदेशी जाऊन मेंदूचा अभ्यास करून आला, तो ही बांधलेली पाखरं बघून कळवळला. त्याने चाचांना समजावलं. मेंदूत जागा ओळखणाऱ्या पेशी असतात. दाराशी गेलं की एक चेतते, कोपऱ्यात गेलं की दुसरी. ठिकाण बदललं तर थोड्याच दिवसांत याच पेशी नवा नकाशा आखतात. उंदरांत त्याने स्वतः पाहिलं होतं.

“आणि जुना नकाशा?”

“तो... राहतो. पण त्याची गरज उरत नाही.”

“उंदरांनी सांगितलं वाटतं तुला.”

शार्दूलला ते लागलं. एक पाखरू सोडून बघू, तो म्हणाला. इथेच परतलं, तर बाकीच्यांचेही दोरे कापायचे.

चाचांनी सगळ्यांत म्हातारी मादी, सुरमी, उचलून त्याच्या हातात दिली.

“तूच काप.”

दोरा सुटताच सुरमीने उडून गच्चीभोवती दोन फेऱ्या मारल्या. शार्दूलचा चेहरा उजळला. तिसऱ्या फेरीला ती नदीकडे वळली.

दोघे पूल ओलांडून गेले. गल्लीच्या जागी सपाट डांबर होतं. ना जोतं, ना भिंत.

वर, रिकाम्या हवेत, सुरमी एकाच ठिकाणी घिरट्या घालत होती. पाय पुढे करून उतरू बघायची, खाली काहीच नसायचं, फडफडत पुन्हा वर जायची. शार्दूलने शीळ घातली, दाणे दाखवले. तुम्ही तरी हाक मारा म्हणून चाचांना विनवलं. चाचा मान वर करून नुसते बघत राहिले.

ऊन कललं तशी ती रस्त्यावर पडली. शार्दूलने उचलली तेव्हा मान लोंबत होती.

“तुम्हाला माहीत होतं,” तो कसाबसा म्हणाला. “मग मला दोरा कापू का दिलात?”

चाचांची नजर अजून वरच होती. सुरमी जिथे पाय टेकू बघत होती, तिकडे त्यांनी हळूच बोट केलं...

“रोज येतो इथं, बेटा. आपली गच्ची नेमकी कुठं होती, तेच मला आठवत नव्हतं.”