ठिपक्यांची रांग

“म्हणजे पाणी कुठे आहे, ते इथे दिसतं?” मठाच्या निर्मळनाथ बाबांनी विचारलं.

“दिसतं, बाबा,” यशोधन म्हणाला. “तेच दाखवायला आलोय.”

टेकडीवरच्या मठातली विहीर आटली होती. बोअरवाला मशीन घेऊन वर आला होता आणि अंगणात उभा होता. मठाच्या ऐपतीत एकच बोअर बसत होता. तो कोरडा गेला, तर मठाची शाळा खाली गावात हलवावी लागणार होती. जागा यशोधनने सांगायची होती.

यशोधन याच शाळेत वाढलेला. अक्षर इथेच गिरवलं, मग शहरात जाऊन इंजिनियर झाला. आता गावाने त्याला बोलावलं होतं. तो आला तो मान ताठ ठेवूनच आला.

शाळेतला जुनाट कॉम्प्युटर त्याने सुरू केला. प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला होता. साधाच होता, इंटरनेटसुद्धा लागत नव्हतं. गावातल्या प्रत्येक विहिरीचा, तिच्या जागेवर, एक ठिपका. पाणी जितकं खोल, तितका ठिपका खाली. सगळे ठिपके काळ्या पडद्यावर अधांतरी उभे होते.

आणि ते एका सरळ रांगेत होते. दोऱ्यात ओवल्यासारखे.

“ही पाण्याची धार,” यशोधन म्हणाला. “रांग पुढे न्या. नेमकी मठाच्या अंगणात येते, पिंपळाच्या पलीकडे.”

हणमंत आप्पा दाराशी उभे होते. मठाचा कारभार तेच बघत. त्यांची छाती फुगली.

“आमच्या शाळेचं पोर आहे, बाबा. उगाच नाही.”

बाबा उठले. त्यांनी घोंगडी उचलली, भिंतीकडेच्या बाकावर टाकली आणि तिथे जाऊन बसले. तिथून पडद्याची नुसती कड दिसत होती.

“आता दाखव.”

आप्पा हसले. “बाबा, कॉम्प्युटर समोरून बघतात. तमाशा आहे का, कडेला बसून बघायला?”

“मी इथेच बसणार.”

यशोधनलाही हसू आलं. म्हाताऱ्याची खोड जुनीच होती. वर्गातही बाबा कधी फळ्यासमोर उभे राहत नसत.

“बसा, बाबा. तुम्ही उठायची गरजच नाही. माझ्या प्रोग्राममध्ये चित्रच फिरतं. वरून बघा, खालून बघा, कडेने बघा. हवं तसं फिरवा.”

“मग फिरव.”

यशोधनने माऊसवर हात ठेवला…

हात तिथेच राहिला.

“काय झालं रे?” आप्पा म्हणाले. “अडकलं का?”

“नाही. अडकलं नाही.”

अंगणात बोअरवाल्याने मशीन सुरू केली. खिडकीची काच थरथरली.  बाबा डोळे मिटून बसले होते.

यशोधनने माऊस ओढला.

ठिपक्यांचा पसारा सावकाश वळला. पहिला ठिपका रांगेतून सुटला. मग दुसरा. मग सगळेच सुटले. एक इकडे, एक तिकडे. वाळत घातलेले दाणे कोंबडीने विस्कटावेत तसे.

“अरे, रांग कुठे गेली?” आप्पा पुढे आले. “मागे घे. मघाशी होतं तसं कर.”

तसं करणं अगदी सोपं होतं. हात जरासा मागे न्यायचा, की रांग पुन्हा उभी राहिली असती. बाबांचे डोळे मिटलेले होते. आप्पांना कोनाबिनातलं काही कळत नव्हतं.

यशोधनने माऊसवरून हात काढला.

“आप्पा, रांग नव्हतीच.”

“म्हणजे?”

“घरी बसून मी हे फिरवत होतो. फिरवत राहिलो. एका बाजूने सगळे ठिपके एका रांगेत दिसले. तिथे मी थांबलो. पुन्हा फिरवलं नाही.”

“का नाही फिरवलंस?”



“सगळ्यांसमोर एका बोटाने जागा दाखवायची होती मला.”

 आप्पांचा आवाज चढला. “आणि आता? तो बाहेर मशीन लावून बसलाय. पाणी कुठे आहे, ते सांग.”

“मला माहीत नाही, आप्पा.”

“माहीत नाही म्हणतो,” आप्पा भिंतीकडे वळले. “ऐकलंत, बाबा? एवढा शिकला, इंजिनियर झाला, आणि मशीन दारात आल्यावर म्हणतो, माहीत नाही.”

बाबांनी डोळे उघडले. यशोधनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं…

यशोधनने मान खाली घातली नाही.

बाबा उठले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि दारात येऊन उभे राहिले.

“आप्पा, बोअरवाल्याला सांगा, मशीन बंद कर. जागा दाखवायला आमचा यशोधन आत्ता आला आहे.”