बुजगावण्याची इर्जिक

भाविकहो, ओढ्याकाठच्या आंबेवाडीत वाकळे महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. ठिगळावर ठिगळ लावलेली एकच कफनी ते बारा महिने घालत, म्हणून लोक त्यांना वाकळे महाराज म्हणत. महाराजांची त्याला हरकत नव्हती. हरकत होती हैबतराव पाटलांची. पण त्यांची हरकत सगळ्यालाच असे. दुधात पाणी आहे असा त्यांना संशय येई, आणि गवळ्याने समोर धार काढून दिली की म्हशीचा संशय येई.

शिमगा होऊन गेला होता. मळ्यामळ्यांतून वांगी-मिरचीच्या लावणीची धांदल उडाली होती. नेमकी त्यातच गोदाक्का माळीण विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि उजवा हात मोडून बसली. एकटा जीव, ओढ्याकाठी चिमूटभर मळा. सऱ्या पाडून तयार, वाफ्यातले वांग्याचे रोप वीतभर झालेले. आता लागले नाही तर ते थोराडून वाया जाणार, आणि रोप गेले की आक्काचे वर्षाचे पोट गेले.

असे कुणाचे काम अडले की गाव इर्जिक करी. सगळ्यांनी मिळून काम उरकायचे आणि त्या घरची भाकरी-आमटी खाऊन परतायचे. पण पाटलांचा मळा आक्काच्या बांधाला लागून होता, आणि तिचा तुकडा पड पडला तर आपल्या मळ्यात शोभून दिसेल, असे त्यांना फार दिवस वाटत होते. चावडीवर ते एवढेच म्हणाले, "जायचं त्यानं खुशाल जावं. मग माझ्या विहिरीचं पाणी मागायला येऊ नये."

कुणी गेले नाही.

"म्हाराज हायेत की मला," गोदाक्का म्हणाली.

"मग झालंच!" पाटील हसले. "ते जप करतील, आणि तुझं बुजगावणं लावण करील!"

सगळी चावडी हसली. गोदाक्काने डोळे पुसत हे जसेच्या तसे महाराजांच्या कानी घातले. महाराज म्हणाले, "पाटलांनी आपण होऊन सुचवलंय, तर मोडता कशाला घालायचा? पण आक्का, बिचारं उघड्या अंगानं उन्हात कसं राबेल?" आणि अंगातली कफनी काढून त्यांनी तिच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी बांधावरून पाहिले, तर ओढ्याकडच्या सऱ्या लागलेल्या! रोपे ओळीत, बुंध्याशी माती दाबलेली.

"फितुरी!" पाटील म्हणाले. त्यांनी आपले सगळे गडी उभे करून नखे तपासली. लावणीचे दिवस, सगळ्यांच्याच नखांत माती. एकट्या धोंडूची नखे स्वच्छ निघाली, तेव्हा संशय त्याच्यावरच जास्त बसला. घरी आले तर पाटलीणबाई हात धूत होत्या.

"हात का धुतेस?"

"कणीक मळली म्हणून."

पाटलांनी कणीक पाहून घेतली.

शेवटी भर दुपारी ते स्वतःच करंजाखाली काठी घेऊन बसले. डोळा लागला नव्हता, असे पुढे ते शपथेवर सांगत. बांधाकडून कुणी येते का, ओढ्याकडून कुणी येते का, सारखी नजर चालू होती. कुणी आले नाही. फक्त दर वेळी नजर मळ्याकडे परत आली की सरी थोडी पुढे सरकलेली असे. मळ्यात होते ते बुजगावणे. मडक्याचे डोके, चुन्याचे डोळे, अंगात महाराजांची कफनी. त्याच्यावर कोण संशय घेणार?

पाटलांनी घेतला. उठून जवळ गेले. कफनीच्या बाह्या कोपरापर्यंत चिखलाने ओल्या होत्या, आणि गवताच्या मुठीत वांग्याचे एक रोप होते.

पाटील महाराजांच्या मठाकडे पळत सुटले. महाराज लंगोटी लावून ओसरीवर बसले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले.

"या पाटील," महाराज म्हणाले. "म्हातारपणी कंबर धरते हो. एक सरी राहिलीय. तुम्ही सुचवलंत म्हणून आम्ही निघालो. आता तेवढं तुम्ही उरका."

पाटील आल्या पावली मळ्यात परतले. बुजगावण्याच्या मुठीतून त्यांनी रोप हलकेच सोडवून घेतले आणि वाकले. जन्मात कुणापुढे न वाकलेला माणूस, पण रोप काही उभ्याने लागत नाही!

गोदाक्का आली, तेव्हा सरी पुरी झाली होती आणि पाटील पागोटे काढून बुजगावण्याच्या पायाशी, म्हणजे जिथे पाय असायचे तिथे, डोके टेकून होते.

"आक्का, मी चुकलो," ते वर न बघताच म्हणाले. "माझ्या विहिरीचं पाणी आजच या सऱ्यांना सोडतो."

"सोडा. पर आदी भाकरी खावा," आक्का म्हणाली. "इर्जिकंला आलाय न्हवं?"

भाविकहो, पाटलांचा संशयी स्वभाव काही गेला नाही. पण त्या दिवसापासून कुणाच्याही मळ्यावरून जाताना बुजगावणे दिसले, की ते आधी त्याच्या बाह्या निरखून पाहत, आणि मग बाह्या कोरड्या असोत की ओल्या, पागोटे काढून वाकून नमस्कार करत. आत कोण उभे असेल, याची खात्री काय!