संकटासाठी ठेवलेले पैसे

“पण बाबा, संकट आलंय हे ओळखायचं कसं?”

प्रल्हाद वायाळने हे तिसऱ्यांदा विचारलं. तो मेहकरकडच्या एका शाळेत गणित शिकवायचा, आणि उत्तर न सापडलेला प्रश्न त्याला सुखानं जेवू देत नसे.

टेकडीवरच्या आश्रमात सारंगधरबाबा शेंगा फोडत बसले होते. त्यांना कसलीच घाई नव्हती.

“आधी हे सांग मास्तर, किती वर्षं साठवतोयस?”

“अकरा. पगार झाला की पहिले पैसे तिकडे जातात. खातंच वेगळं आहे. एका व्याख्यानात ऐकलं होतं, संकटासाठी वेगळे ठेवावेत. त्यातला एक रुपया मी अजून काढलेला नाही.”

हे सांगताना त्याची मान जरा ताठ झाली. होणारच. बाप तापानं फणफणला होता तेव्हा घरात दवाखान्यापर्यंत न्यायला रिक्षाचेही पैसे नव्हते. नऊ वर्षांच्या प्रल्हादनं ते उंबऱ्यावर बसून पाहिलं होतं. लोक त्याला चिकट म्हणत, पण ते खरं नव्हतं. तो नुसता घाबरलेला होता, आणि ही भीती त्यानं कुणाला कधी दाखवली नव्हती.

“अकरा वर्षांत एकही संकट नाही?” बाबांनी भुवया उंचावल्या. “भाग्यवान आहेस.”

“येतंय असं वाटतं, बाबा. पण नीट विचार केला की ते संकट नसतं. घरावरचे पत्रे उडाले, पण पावसाला दोन महिने होते. स्कूटर बंद पडली, पण शाळा चारच किलोमीटर. बायकोची दाढ ठणकत होती, पण लवंगेवर भागलं.”

“भागलं?”

“म्हणजे… शेवटी तिनं माहेरी जाऊन काढून घेतली.”

“मग हे सगळं काय होतं?”

“गैरसोय,” प्रल्हाद म्हणाला.

बाबांनी एक शेंग फोडली. दाणा किडका निघाला. तो बाजूला टाकून त्यांनी दुसरी घेतली.

“आणि आता काय झालंय?”

“आईला मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. डाव्यानं काहीच दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, थांबू नका. पण दिवाळीनंतर गावात फुकट शिबिर आहे, आणि उजव्यानं तिला अजून थोडं दिसतं.” तो पुढे सरकला. “आज पैसे काढले आणि उद्या खरं संकट आलं तर? म्हणून विचारतोय. हे संकट की गैरसोय?”

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. असं विचारण्यात काही चुकतंय हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“आई कुठंय?”

“खाली लिंबाच्या पारावर बसवलंय. पायऱ्या तिला…”



“चल, भेटू तिला,” बाबा म्हणाले, आणि उठले.

वैशाखातली भर दुपार होती. काळ्या दगडाच्या पायऱ्या नुसत्या धगधगत होत्या. प्रल्हादनं बूट चढवले. बाबांनी कोनाड्यातल्या वहाणा काढल्या, झटकल्या, काखेत धरल्या आणि अनवाणीच उतरायला लागले.

“बाबा, वहाणा राहिल्या की घालायच्या!”

“राहू दे. जपून ठेवल्यात. पाय भाजतील तेव्हा लागतील.”

“आत्ता भाजत नाहीत?”

“भाजतात. पण इतके काही नाही.”

आणखी दहा पायऱ्या झाल्या. बाबा आता टाचांवर चालत होते. सत्तरीचा माणूस, आणि कपाळावरून घाम ओघळत होता. प्रल्हादला आधी हसू आलं. मग ते गेलं.

“घाला हो आता.”

“बघू. पुढच्या पायऱ्या जास्त तापलेल्या असल्या तर?”

प्रल्हादचा संयम सुटला. वर्गात ओरडावं तसा तो ओरडला.

“अहो, हा काय हट्ट! पाय सोलून निघाल्यावर त्या वहाणांचं करायचं काय?”

बाबा थांबले नाहीत. वळूनही पाहिलं नाही त्यांनी.

प्रल्हादच मात्र तिथं उभा राहिला. आपलं वाक्य त्यानं मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. कानशिलं तापली, आणि ती उन्हानं नव्हती तापली. पण लगेच दुसरं मन म्हणालं, पैसे म्हणजे काही वहाणा नव्हेत, हिशेब वेगळा आहे. असं म्हणतच तो बाबांच्या मागे उरलेल्या पायऱ्या उतरला.

पारावर म्हातारी पदरानं वारा घेत बसली होती. कुणीतरी आल्याची चाहूल लागली तशी तिनं मान वर केली. प्रल्हाद तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. तिनं थेट त्याच्याकडे तोंड करून डोळे बारीक केले.

“कोन हाय बापा?” ती म्हणाली. “माहा पोरगा वर गेला, लय वेळ झाला. दिसला का तुमाले?”

प्रल्हादनं आपल्या पायातल्या बुटांकडे पाहिलं. 

बाबा तिच्याशेजारी टेकले. पोळलेले तळपाय त्यांनी सावलीतल्या मातीवर ठेवले.

“दिसला, माय. पण अजून वरच आहे तो.”