पंगतीतला पहिला घास

बोरखिंड गावात बकुळा नावाची एक कासारीण राहत होती. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती गावोगाव फिरे. कोणाचाही हात एकदा हातात घेतला, की कोणत्या मापाची बांगडी चढेल हे ती बरोबर सांगे.

बकुळेला तीन गोष्टी चालत नसत. शेंगदाणे, तीळ आणि वांगे. वांग्याने तिच्या अंगभर गांधी उठत. तिळाने ओठ सुजत. आणि दाण्याचा कण जरी पोटात गेला, तरी घसा आतून आवळत जाई आणि श्वास कोंडे. लहानपणी दोनदा ती मरता मरता वाचली होती. म्हणून परगावी गेली की ती आधी विचारी आणि मगच पानावर बसे.

लोक हसत. वांग्याचे एक वेळ त्यांना पटे, कारण वांग्याने खाज सुटते हे सगळ्यांनीच ऐकलेले असे. पण दाणे? दाण्याचा कूट तर तिकडे भाजीत, आमटीत, कोशिंबिरीत, सगळीकडे. “मग बये, तू जगतेस कशावर? वाऱ्यावर?” असे बायका विचारत. बकुळा शांतपणे म्हणे, “ज्वारीवर.”

एकदा घोटवडीच्या पाटलांच्या मुलीचे, शेवंताचे लग्न ठरले. चुडा भरायला बकुळेला बोलावणे आले. घोटवडीची एक जुनी रीत होती. नवरीला चुडा भरणारी कासारीण ही तिची पाठराखीण. लग्नाच्या आदल्या दिवशी पंगत बसली की पहिला घास कासारणीने घ्यायचा. तिने घास घेतल्याशिवाय कोणी पानाला हात लावायचा नाही. ती न जेवता उठली, तर नवरीला अपशकुन.

बकुळेला ही रीत माहीत होती. म्हणून सकाळी चुडा भरण्याआधीच तिने पाटलीणबाईंना आपल्या तीन गोष्टी सांगितल्या. पाटलीणबाईंनी मोरबा आचाऱ्याला हाक मारली आणि बकुळेसाठी साधे वरण वेगळे काढायला सांगितले.

मोरबा पंचक्रोशीत नावाजलेला होता. त्याच्या पंगतीतून कोणी पान टाकून उठले नव्हते. त्याने मान डोलावली, पण चुलीपाशी जाऊन मदतनिसांना म्हणाला, की चाळीस वर्षांत दाण्याने कोणी मेलेले त्याने पाहिले नाही. हे सगळे मानपानाचे नखरे.

दुपारी पंगत बसली. शंभर-सव्वाशे पाने मांडली होती. बकुळेचे पान मधोमध, रांगोळी काढून. सगळ्यांना मोरबाची माणसे वाढत होती. बकुळेला वाढायला मात्र मोरबा स्वतः आला. त्याने भातावर वरण घातले. आणि तो तिथेच उभा राहिला.

बकुळेने हे पाहिले. आचारी सहसा चूल सोडून वाढायला येत नाही. आला तर वाढून पुढे जातो. हा जात नव्हता. तिच्या तोंडाकडे न बघता तो तिच्या हाताकडे बघत होता.

बकुळेने हात मांडीवर ठेवला.

पंगत थांबली. सगळे हात मांडीवर गेले. मग कोपऱ्यातून कोणीतरी भात निवला म्हणून कुरकुरले. कोणी म्हणाले, कासारणीला चांदीचे ताट हवे असेल. पाटलांच्या आत्याबाई जवळ येऊन म्हणाल्या, “एक घास तोंडात टाक आणि मोकळी हो. पोरीच्या संसाराला दृष्ट लावू नकोस.” पाटीलही हळू आवाजात म्हणाले, की निदान एक शीत, त्यांच्या शब्दाखातर.

दारात शेवंता उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. बकुळेला वाईट वाटले. इथून बोल घेऊन गेली, तर उद्या कोणते गाव तिला चुड्याला बोलावणार होते? पण तिला आपला घसाही ठाऊक होता.

तिने मान वर केली. आवाज चढवला नाही.

“मी वीस वर्षं चुडे भरतेय. हात दाबताना बाई ‘दुखतंय’ म्हणाली, की मी थांबते. तिचं दुखणं मला दिसत नाही. तरी थांबते. मग माझं दुखणं दाखवायला मी तुमच्यासमोर मरून दाखवू का?”

बकुळा मोरबाकडे वळली.

“मोरबादादा, मला जेवायचंय. भूक लागलीय. तुम्ही एवढंच म्हणा, की ह्या वरणात दाणे नाहीत, तीळ नाहीत, वांगं नाही, आणि ह्या बाईच्या जिवाचा भार माझ्यावर. मी आत्ता घास घेते.”

मोरबाने तोंड उघडले. शब्द फार सोपे होते, पण जिभेवर येईनात. त्याने पंगतीकडे पाहिले, मग हातातल्या पळीकडे. त्याचे कान लाल झाले.

“दोन चिमटी कूट घातलाय,” तो म्हणाला. “तुम्ही जेवल्यावर सगळ्यांना सांगणार होतो. म्हणजे नखरे उघडे पडले असते.”

पाटलांचा चेहरा उतरला. दोन चिमटींसाठी त्यांच्या दारात उद्याच्या मांडवाआधी तिरडी बांधायची वेळ आली असती. आत्याबाई मागे सरल्या. कोणीतरी म्हणाले, आता कासारीण राहू दे, बाकीच्यांनी सुरुवात करावी, अन्न गार होते आहे.

तेव्हा शेवंता दारातून पुढे आली. “ती जेवल्यावर आपण जेवायचं, हीच रीत आहे ना? मग थांबा सगळे.”

सगळे थांबले. मोरबाने नवे पातेले घेतले, राखेने तीनदा घासले, कोपरापर्यंत हात धुतले. डाळ, हळद, मीठ, तूप. जे जे घातले ते त्याने बकुळेसमोर आणून, दाखवून घातले. वरण शिजायला वेळ लागला. तोवर सव्वाशे माणसे गार भाताकडे बघत बसली. अखेर बकुळेने पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि मग पोटभर जेवली. वरण चांगले झाले होते. तिने तसे मोरबाला सांगितलेही.

दुसऱ्या दिवशी लग्नाची पंगत बसली. पाने वाढून झाली, पण कोणी घास घेण्याआधी मोरबा पंगतीपुढे उभा राहिला आणि त्याने विचारले, कोणाला काही चालत नसेल तर आत्ताच सांगावे, वेगळे करून देतो.

मोरबा थांबला. तेव्हा बायकांच्या रांगेच्या टोकाला बसलेल्या, पाटलांच्या थोरल्या सुनेने पदर सावरला. लग्न होऊन ती या घरात आली त्याला चार वर्षे झाली होती. चार वर्षे ती पानातले सगळे निमूट संपवत होती आणि नंतर दंड खाजवत बसत होती. मान वर न करता ती म्हणाली, “मला वांगं चालत नाही.”

पाटलीणबाईंनी स्वतः उठून तिच्या पानातले वांगे उचलले आणि पान बदलून दिले.

तात्पर्य: ज्याचे दुखणे त्यालाच ठाऊक. दुसऱ्याच्या शब्दाची परीक्षा त्याच्या जिवावर घेऊ नये, आणि आपला जीव जपताना कोणी लाजूही नये.